मोठ्याने मागितलेली माफी

माझ्या धाकट्या नणंदेला कामावर माफी मागायला लावली, त्या आठवड्यात मी जितकी वैतागले तितकी उभ्या जन्मात वैतागले नसेन. तिच्यावर वैतागले, तिच्या साहेबावर वैतागले, आणि मधल्या मध्ये घरातल्या भांड्यांनी मार खाल्ला.

पण आधी नणंद कोण ते सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नाक ओढत फिरणारी पोर होती. झगा एका खांद्यावरून घसरलेला, गुडघे कायम सोललेले. आणि मी तिला म्हणायचं काय, तर 'वन्सं'. 'वन्सं, जेवायला येता का?' 'वन्सं, नाक पुसता का?' ती मान वर करून म्हणायची, 'तूच पूस.' आणि मी पुसायची. वयाने मी मोठी, पण घर तिचं होतं. कोण कुणाला काय म्हणू शकतं ते मला त्या नाकापाशी कळलं. शाळेत जी काही थोडी वर्षं बसले त्यात हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिचं लग्न झालं आणि पारडं फिरलं. तिकडे सासरा तिला 'ए' म्हणायचा, दीर 'ए' म्हणायचा, नवरा तर तेवढीही तसदी घ्यायचा नाही, नुसता खाकरायचा. खाकरलं की ही उठायची. आमची ऐटबाज पोर 'अहो', 'हो', 'आणते', 'चुकलं' एवढ्या चार शब्दांवर दिवस काढायला लागली. पुढे एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. का आली ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सवयीने म्हटलं, "या वन्सं, बसा." तर ढसाढसा रडायलाच लागली. म्हणाली, "वहिनी, अहोजाहो नको गं करूस आता. कानाला त्रास होतो. अगं म्हण." तेव्हापासून आमचं अगं-तूगं. यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, ते आवडलं नाही. ते म्हणाले, "माझ्या बहिणीला तू म्हणतेस?" मी म्हटलं, "तुम्ही मला काय म्हणता?" त्यावर त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

तिला काम मिळालं दवाखान्याच्या धुलाईघरात. मोठा दवाखाना, रोजचा चादरींचा डोंगर. आत शिरलं की वाफ, साबणाचा वास, आणि आवाज असा की स्वतःच्या मनातलंसुद्धा ऐकू येऊ नये. एका बाजूला धुवायची यंत्रं, दुसऱ्या बाजूला इस्त्रीची. इस्त्रीचं यंत्र म्हणजे खाली टेबलासारखी फळी आणि वर तापलेलं लोखंडी झाकण. प्रत्येक फळीपाशी एक बाई. तिने चादर पसरायची, सुरकुती काढायची, हात मागे घ्यायचे. मग टोकाला उभी असलेली बाई लांब दांडा ओढते आणि सगळी झाकणं एकदम खाली येतात. यंत्र जुनं आहे. झाकणं पुष्कळ, दांडा एक. म्हणजे ज्या बाईच्या हातात दांडा, तिच्या हातात सगळ्यांची बोटं.

आता दांडेवालीला दिसलं की एकीचा हात अजून आतच आहे, तर तिने काय करायचं? घंटा लावून पाहिली होती म्हणे. त्या गोंगाटात घंटा म्हणजे आणखी एक आवाज. 'हात काढा' ओरडलं तर प्रत्येकीला वाटतं, दुसरीला म्हणतेय. 'ताई' म्हटलं तर एकतर सगळ्या वळतात, नाहीतर कुणीच नाही. म्हणून तिथे पहिल्यापासून एक पद्धत. प्रत्येकीला एक शिवी. तिची एकटीची, दुसऱ्या कुणाची नाही. घोरपड, टमरेल, भोपळी, घुबड. 'ए घोरपडे!' म्हटलं की घोरपडीचा हात विजेसारखा मागे. बाकीच्या आपलं काम करत राहतात.

माझी नणंद लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला कुणी काहीच म्हणायचं नाही. 'अहो बाई' म्हणायच्या. आणि दांडेवाली म्हातारी तिला फळीजवळ फिरकू देत नसे. मग एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर ही हसतेय आणि रडतेय. "वहिनी, मला मांजर म्हणाली! ए मांजरे, शेपूट आवर, म्हणाली!" मला आधी कळेचना की हिचं अभिनंदन करू की त्या म्हातारीशी भांडायला जाऊ.

पुढे ती म्हातारी थकली आणि दांडा हिच्या हातात आला. त्याबरोबर तिचा आवाजही आला. इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होता देव जाणे. मांजर मागे पडली, तिला 'भोंगा' म्हणायला लागल्या. ती ओरडली की बाहेरच्या गल्लीतला भाजीवाला काटा धरता धरता थांबायचा. तिच्या हाताखाली एकीचंही बोट भाजलं नाही. अर्थात तो आवाज संध्याकाळी घरीही यायचा. पाहुण्यांसमोर मला 'ए म्हशे, चहा टाक' म्हणायची आणि पाहुणे माझ्याकडे दयेने बघायचे. मी किती जणांना समजावत बसू?

आता साहेब. धुलाईघरावर एक नवे साहेब आले. तरुण, कडक बाह्या, केस तेल न लावता बसवलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्याचा त्यांना फार अभिमान होता. मी डबा घेऊन दाराजवळच्या बाकावर बसायची, तिथून सगळं दिसायचं. ते यायचे, चुटकी वाजवायचे आणि गोड, हळू बोलायचे, "ए, तू. तू नाही, ती जाडी. डोकं घरी ठेवून येतेस का गं?" ती 'जाडी' म्हणजे त्यांच्या आईपेक्षा मोठी बाई. ती म्हणायची, "चुकलं साहेब." आल्या आल्या त्यांनी भिंतीवर पाटी लावली, 'सौजन्याने बोला'. पाटीचं तोंड बायकांकडे होतं. स्वतः ते पाटीखाली उभे राहून चुटक्या वाजवायचे.

बायकांचं शिव्या देणं त्यांना खुपायचं. "हे काय गुरांच्या बाजारासारखं," म्हणायचे. नणंद म्हणायची, "साहेब, ती शिवी नाही, ते नाव आहे." ते म्हणायचे, "तुला विचारलं का मी?"

आणि एक दिवस वरून पाहुणे आले. दवाखान्याचे मोठे लोक, पांढरे कोट घातलेले, सोबत दोन बाहेरचे. साहेब त्यांना यंत्र दाखवत होते. मी बाकावर होते, जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. चादरी पसरून झाल्या, बायकांनी हात मागे घेतले, नणंदेने दांडा ओढायला घेतला, आणि त्याच क्षणी साहेब पुढे वाकले. एका चादरीवर हात सपाट ठेवून पाहुण्यांना म्हणायला लागले, "ही बघा, किती मऊ—"

"ए टोणग्या! हात काढ!"

साहेबांचा हात निघाला. मागोमाग झाकण आलं. एका श्वासाचं अंतर नसेल. पाटीसुद्धा हलल्यासारखी मला वाटली.

बायका आधी दचकल्या आणि मग त्यांच्या तोंडावर असा आनंद पसरला की काय सांगू. घोरपड टमरेलीला म्हणाली, "साहेबाला नाव पडलं!" त्यांच्या हिशेबी ही मोठी गोष्ट होती. परक्या माणसाला तिथे कुणी शिवी देत नाही, शिवी मिळायला आपलं व्हावं लागतं. नणंदेने काही ठरवून केलं नव्हतं, तोंडातून आलं, पण आलं ते आलं. मला वाटतं ती स्वतःही जरा सुखावली होती. तिला खरंच वाटलं, साहेब थांबतील, हात बघतील, आणि म्हणतील, 'बाई, वाचवलंत.'

साहेबांनी हात बघितलाच नाही. त्यांनी पाहुण्यांची तोंडं बघितली. कारण एक पांढरा कोटवाला हसला होता. नुसता हसला नव्हता, दुसऱ्याच्या कानात 'टोणगा' म्हणाला होता.

तिथून सगळं बिघडलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. वरच्या मजल्यावर तो शब्द पोचला होता, जिन्यावर कुणीतरी मागून तो उच्चारला होता म्हणे. ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "शनिवारी सगळ्या बायकांसमोर माझी माफी मागायची. नाही मागितलीस तर सोमवारपासून तू तळघरात घड्या घालायला. दांडा मी दुसरीला देईन, जिला बोलायची रीत आहे." ती दुसरी म्हणजे नवीन लागलेली एक मवाळ बाई. तिचा आवाज शेजारच्या फळीपर्यंतसुद्धा पोचत नसे.

ती घरी आली, पिशवी आपटली आणि मला सांगितलं. मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? मागून टाक आणि मोकळी हो."

"नाही मागायची."

"अगं, सासरी तू दिवसातून किती वेळा 'चुकलं' म्हणायचीस! आता एकदा म्हणायला काय झालं?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी हातातली पळी खाली ठेवली.

"वहिनी, मला काही नाही वाटत गं माफी मागायला. मी त्यांच्या पायापण पडेन. पण सगळ्यांसमोर नाही. उद्या मी 'ए भोपळे' ओरडले आणि भोपळीच्या मनात आलं की, ही तर काल साहेबासमोर मान घालून उभी होती, हिचं काय ऐकायचं? तेवढा विचार जरी आला ना, तेवढ्या वेळात झाकण खाली येतं. माझ्या ओरडण्यावर त्या विचार करत नाहीत म्हणून त्यांची बोटं आहेत."

"मग तळघरात जा."

"तळघरात गेले तर दांडा त्या मवाळीकडे. ती म्हणणार, 'भोपळीबाई, जरा ऐकता का?'"

म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. मला तिचं पटत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. इतक्या वर्षांनी घरात जरा शांतता आली होती, आणि ही बाई एका शब्दापायी तळघरात जायला निघालेली. आणि तो तिकडचा शहाणा! स्वतःचा हात खिशात घालून फिरतोय, हाताला पाच बोटं शाबूत आहेत, आणि त्याबद्दल अवाक्षर नाही. त्याने तिला 'ए, तू' म्हटलं तर ते काम. हिने त्याला 'ए' म्हटलं तर तो गुन्हा. माझ्यासारख्या म्हातारीच्या तोंडी शोभत नाही, पण मीही त्या रात्री भांडी घासताना त्याला दोन-चार नावं ठेवली, आणि ती टोणग्यापेक्षा बरीच खालची होती.

शेवटी मध्ये पडली माझी सून. ती कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी दिवसभर गोड बोलते. इतकं गोड की घरी आल्यावर तासभर तिच्या तोंडून शब्द निघत नाही. ती म्हणाली, "आत्या, मी शिकवते. माफी अशी मागायची की मागितलीही आणि नाहीही."

मग आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. सून साहेब झाली, स्टुलावर बसली.

"खाली बघा आत्या. आवाज पोटातून नाही काढायचा, ओठातून काढायचा."

"ओठातून काय निघतं? नुसती थुंकी."

"म्हणा, 'साहेब, माझ्या बोलण्याने आपल्याला वाईट वाटलं असेल तर मी दिलगीर आहे.'"

"असेल तर? वाटलंच आहे ना त्यांना वाईट!"

"'असेल तर' म्हणायचंच असतं, आत्या."

"मग ही माफी कसली? हा टोमणा झाला. मी टोणग्या म्हटलं ते परवडलं."

"अहो, दुकानात मी दिवसातून वीसदा हेच म्हणते."

"आणि मनात काय म्हणतेस?"

"मनात तुमच्यासारखंच म्हणते."

तिला 'दिलगीर' शब्द काही केल्या जमेना. दर वेळी असा म्हणायची की समोरच्याने दार लावून घ्यावं. चुलीशी उभी राहून 'हळू गं, हळू' म्हणून म्हणून माझा घसा बसला. शेवटी सुनेने हात टेकले. "आत्या, तुम्ही आपलं साधं म्हणा, 'साहेब, माझं चुकलं.' तेवढंच. हळू म्हणा आणि या."

नणंद म्हणाली, "हळूच म्हणते. हळू म्हटलं तर निदान बायकांना ऐकू यायचं नाही." तेवढ्यावर ती कबूल झाली. मला पहिल्यांदा जरा हायसं वाटलं.

शनिवारी मी डबा घेऊन लवकरच गेले. डबा हे निमित्त, मला घरी बसवेना. साहेबांनी माफीची वेळ नेमकी इस्त्रीच्या पाळीची धरली होती, कारण तेव्हाच सगळ्या बायका एका जागी असतात. एकीने विचारलं, "साहेब, यंत्र बंद करू का?" ते म्हणाले, "काम थांबवायचं नाही. वर चादरी हव्यात." म्हणजे माफीही हवी आणि चादरीही हव्यात. त्यामुळे पाण्याची यंत्रं धडधडत होती, वाफ फुसफुसत होती, फळ्यांवर चादरी पसरल्या होत्या आणि बायका त्यांच्या सुरकुत्या काढता काढता कानोसा घेत होत्या. साहेब नणंदेसमोर, दांड्याजवळ, पाटीखाली उभे राहिले. चुटकी वाजवली.

"हं. बोल."

तिने पदर सारखा केला, खाली बघितलं आणि ओठ हलवले. मला बाकावरून काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं एकदाचं.

साहेबांनी कानामागे हात धरला. "ऐकू आलं नाही. मोठ्याने."

तिने पुन्हा ओठ हलवले. गळ्याची शीर जरा दिसली.

"मोठ्याने बोल. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. एरवी तर फार तोंड चालतं तुझं!"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मला एक गोष्ट ठाऊक होती जी साहेबांना नव्हती. त्या बाईला मधला आवाजच नाही. एक सासरचा होता, तो ओठातल्या ओठात. दुसरा दांड्याचा. तिसरा तिने कधी केलाच नाही, तो करायला तिला वेळ कुणी दिला होता?

तिने छाती भरून घेतली.

"साहेब! माझं! चुकलं!"

काय सांगू तुम्हाला. एका झटक्यात सगळ्या बायकांचे हात फळ्यांवरून मागे आले. घोरपड, टमरेल, भोपळी, घुबड, आणि ती मवाळ बाईसुद्धा दोन पावलं मागे सरून हात काखेत धरून उभी. शब्द काय होता ते कुणाच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आणि साहेब! साहेबांनी दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते, पाटीला पाठ लावली होती आणि डोळे मिटले होते.

नणंदेने फळ्यांवरून नजर फिरवली. एकही हात आत नव्हता. मग तिने सवयीने दांडा ओढला. सगळी झाकणं धाडकन खाली आली आणि वाफेचा असा लोट उठला की साहेब त्यात दिसेनासे झाले.

वाफ विरली तेव्हा ते गेले होते. नंतर कळलं की त्यांनी वरच्या कारकुनाला सांगितलं, बाईने उद्धटपणे माफी मागितली. कारकुनाने विचारलं, "म्हणजे काय शब्द वापरले, साहेब?" त्यांनी शब्द सांगितले. कारकून म्हणाला, "यात उद्धट काय आहे? 'साहेब' पण म्हटलंय." मोठ्याने बोल असं त्यांनीच सांगितलं होतं, त्याला सगळ्या बायका साक्षी. मग त्यांनी विषय सोडला. दांडा तिच्याकडेच राहिला. चुटक्या चालूच आहेत, 'ए, तू' चालूच आहे, पाटीही आहे. त्यातलं काही बदललं असेल असं कुणी समजू नये.

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता, पण राग गेला नव्हता. मी ताट जरा आदळूनच ठेवलं.

"आता तरी त्या माणसाला शिवी देऊ नकोस."

"नाही देत. नाव परत घेतलं त्यांचं. आता ते साहेबच." हे ती इतक्या थंडपणे म्हणाली की सुनेने ताटातून मान वर केली. खरंच, त्यानंतर तिथली एकही बाई त्यांना साहेबाशिवाय दुसरं काही म्हणत नाही. साहेबांना वाटतं पाटीचा गुण आला. परवा मी गेले तेव्हा ते पाहुण्यांना तसंच सांगत होते.

मी विचारलं, "आणि परत त्याने यंत्रात हात घातला तर? काय म्हणून हाक मारशील?"

तिने घास चावून गिळला, मग म्हणाली, "पँटला खिसे आहेत ना शिवलेले? तिथे ठेवावा." आणि रिकामी वाटी माझ्यापुढे सरकवली.